मोटार वाढवली तरी पाणी का वाढत नाही, आणि लाइट गेली की पाइप का फुटतो?

गंगापूर तालुक्यातील एका मोसंबी उत्पादकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. नाथसागराच्या फुगवट्याच्या काठी त्यांची विहीर आहे आणि तिथून शेततळ्यापर्यंत १८०० मीटर लांबीची, ७५ मि.मी. व्यासाची, सहा किलो दाबाची पीव्हीसी पाइपलाइन टाकलेली आहे. विहिरीतील पाणी काठापासून ६ मीटर खाली असते आणि शेततळ्यातील पाइपचे तोंड विहिरीच्या काठापेक्षा २२ मीटर उंचीवर आहे. वाटेत साधारण १२०० मीटरवर एक टेकाड लागते आणि पाइप त्यावरून जातो. पूर्वी पाच एचपीची ओपनवेल मोटार होती, तेव्हा २०० लिटरचा बॅरल ५० सेकंदांत भरत असे. पाणी कमी पडू लागले म्हणून साडेसात एचपीची मोटार बसवली, तर बॅरल भरायला आता ४३ सेकंद लागतात. त्यातच विहिरीपासून पहिल्या दीडशे मीटरच्या आत पाइप तीन वेळा फुटला आणि तिन्ही वेळा लाइट गेल्यावर किंवा परत आल्यावर लगेच फुटला. दुकानदार म्हणतो माल हलका निघाला, फिटर म्हणतो लोखंडी पाइप टाका, भावकीतले म्हणतात काळा पाइप टाका. यात खरे कोणाचे?

सर्वप्रथम, बॅरल आणि घड्याळ घेऊन पाणी मोजल्याबद्दल तुमचे कौतुक केले पाहिजे. मराठवाड्यातील उपसा योजनांवर आणि गावोगावच्या पाणीपुरवठ्याच्या लाइनींवर माझी तीस वर्षे गेली, पण "पाणी कमी येते" या तक्रारीबरोबर एखादा आकडा सांगणारा माणूस क्वचितच भेटला. तुमच्या आकड्यांवरूनच बहुतेक उत्तर निघते.

२०० लिटर ५० सेकंदांत म्हणजे सेकंदाला ४ लिटर, आणि ४३ सेकंदांत म्हणजे सुमारे ४.६५ लिटर. मोटारीची ताकद दीडपट झाली, पाणी मात्र सोळा टक्क्यांनीच वाढले. उरलेली ताकद कुठे गेली हे समजण्यासाठी पंपाला कोणकोणती कामे करावी लागतात ते पाहू. पहिले काम पाणी उचलण्याचे. विहिरीतील पाण्यापासून शेततळ्याच्या तोंडापर्यंत ६ अधिक २२, अशी २८ मीटरची उंची आहे आणि ती मोटार कोणतीही असली तरी बदलत नाही. दुसरे काम पाइपमधील घर्षणाविरुद्ध पाणी ढकलण्याचे. तुमच्या पाइपचा बाहेरचा व्यास ७५ मि.मी. असला तरी दोन्ही बाजूंची जाडी वजा जाता पाण्याला आत सुमारे ७० मि.मी.चीच वाट मिळते. हेझन-विल्यम्सच्या सूत्राने गुळगुळीत पीव्हीसीसाठी हिशोब केला, तर सेकंदाला ४ लिटरसाठी १८०० मीटरमध्ये जवळपास ३० मीटरचा दाब घर्षणातच खर्च होतो आणि ४.६५ लिटरसाठी तो ३९ मीटरवर जातो. म्हणजे आज तुमच्या पंपाला एकूण ६७ मीटरचा हेड (उंची आणि घर्षण मिळून मीटरमध्ये मोजलेला दाब) पेलावा लागतो आणि त्यातील निम्म्याहून अधिक भाग पाणी उचलण्यात नव्हे, तर पाइपच्या भिंतीशी झगडण्यात जातो.

असे होण्याचे कारण पाण्याच्या वाहण्याच्या पद्धतीत आहे. पाणी फार सावकाश वाहत असेल, तर त्याचे थर एकमेकांवरून शांतपणे सरकतात आणि प्रवाह दुप्पट केला की घर्षणही दुप्पटच होते. प्रवाह शांत की खळबळीचा हे रेनॉल्ड्स अंकावरून ठरते. पाइपमध्ये तो साधारण २००० च्या खाली असेल तर प्रवाह शांत राहतो आणि ४००० च्या वर गेला की पूर्ण खळबळ सुरू होते. तुमच्या पाइपमध्ये पाण्याचा वेग सेकंदाला एक मीटरहून थोडा अधिक आहे आणि रेनॉल्ड्स अंक ९० हजारांच्या पुढे जातो. अशा खळबळीच्या प्रवाहात घर्षण वेगाच्या जवळजवळ वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे पाणी दुप्पट करायचे म्हटले तर घर्षण साडेतीन पटींहून अधिक होते. व्यासाचा परिणाम तर याहून मोठा आहे, कारण तेवढेच पाणी न्यायचे असेल, तर घर्षण व्यासाच्या जवळपास पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते. सहा किलोच्या ११० मि.मी. पाइपला आत १०२ मि.मी.च्या वर वाट मिळते. तुमचे आजचे ४.६५ लिटर पाणी त्यातून नेले तर ३९ मीटरचे घर्षण केवळ ६ मीटरवर येते. एकूण हेड मग ३४ मीटर, म्हणजे आजच्या निम्मा. पंपाची कार्यक्षमता साठ टक्के धरली, तर आज लागणाऱ्या सुमारे ५.१ किलोवॉटऐवजी २.६ किलोवॉटमध्ये, म्हणजे साडेतीन एचपीमध्ये काम होते. तुमची जुनी पाच एचपीची मोटार त्यासाठी पुरून उरली असती. साडेसात एचपीवर झालेला खर्च चारी खोदण्यात आणि व्यास वाढवण्यात घातला असता, तर तो सार्थकी लागला असता, असे स्पष्टच सांगतो.

आता पाइप फुटण्याविषयी. यात दोन गोष्टी एकत्र आलेल्या आहेत. एक, मोटार चालू असताना पाइपवर सतत असणारा दाब, आणि दुसरी, मोटार बंद-चालू होताना बसणारा झटका.

सततचा दाब आधी पाहू. पंपाने दिलेल्या ६७ मीटरपैकी ६ मीटर विहिरीच्या काठापर्यंत येण्यातच खर्च होतात, म्हणून काठावर पाइपमधील दाब ६१ मीटरचा, म्हणजे ६.१ किलोचा असतो (पाण्याचा दहा मीटरचा स्तंभ म्हणजे चौरस सेंटिमीटरला एक किलो). जुन्या मोटारीवर तो सुमारे ५.२ किलो होता. सहा किलोचा पाइप आज रोज आपल्या मर्यादेपलीकडे चालतो आहे, आणि दाब सर्वात जास्त विहिरीजवळच असल्यामुळे फुटण्याच्या जागाही तिथेच आहेत. शिवाय "सहा किलो" हा आकडा बिनशर्त नसतो. आयएस ४९८५ या मानकानुसार तो २७ अंश सेल्सिअस तापमानासाठी दिलेला असतो. पीव्हीसी तापला की मऊ पडतो आणि ४५ अंशांना त्याची दाब सोसण्याची क्षमता साठ टक्क्यांच्या आसपास उरते. तुम्ही पाठवलेल्या छायाचित्रात विहिरीच्या काठापासून सुमारे चाळीस फूट पाइप दगडांवरून उघडाच आलेला दिसतो. मे महिन्यात दुपारी, लाइट नसताना, पाणी आत उभे असलेला असा पाइप हाताला चटका देण्याइतका तापतो. त्या घटकेला तो सहा किलोचा नसून साडेतीन-पावणेचार किलोचा असतो, आणि नेमक्या त्याच घटकेला लाइट येऊन मोटार चालू होते.

झटक्याचा हिशोब थोडा निराळा आहे. पाइपमधून धावणारे पाणी एकदम अडवले की त्याची गती दाबात बदलते आणि तो दाब लाटेसारखा पाइपमधून पुढे-मागे धावतो. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्स्की यांनी मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर प्रयोग करून १८९८ मध्ये याचे सूत्र मांडले. लाटेचा वेग गुणिले पाण्याचा वेग, भागिले गुरुत्वीय त्वरण, म्हणजे झटक्याची मीटरमधील उंची. यातील लाटेचा वेग पाइप कशाचा आहे यावर ठरतो. पाइपची भिंत जितकी ताठ, तितकी लाट वेगवान आणि झटका मोठा. पीव्हीसीचा ताठपणा दाखवणारा यंग गुणांक सुमारे ३ गिगापास्कल, काळ्या एचडीपीईचा त्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास, तर पोलादाचा २०० गिगापास्कल असतो. तुमच्या पाइपमध्ये लाट सेकंदाला सुमारे ३२५ मीटरने धावेल आणि आजच्या वेगाला झटका ४० मीटरचा, म्हणजे ४ किलोचा येईल. त्याच मापाच्या लोखंडी पाइपमध्ये लाट १३०० मीटरच्या वर जाते आणि झटका १६ किलोपर्यंत पोचतो. लोखंडी पाइप स्वतः तो सोसेल, पण पंप, फ्लँज आणि व्हॉल्व्ह यांनाही तो सोसावा लागेल. म्हणून "लोखंड टाका म्हणजे प्रश्न मिटला" हे फिटरचे म्हणणे निम्मेच खरे आहे. लाटेला शेततळ्यापर्यंत जाऊन परत यायला तुमच्याकडे अकरा सेकंद लागतात. लाइट गेल्यावर पंप एक-दोन सेकंदांत थांबतो, त्यामुळे झटका सौम्य व्हायला सवडच मिळत नाही.

लाइट जाते तेव्हा पहिला झटका दाब वाढवणारा नसतो, तर कमी करणारा असतो, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. पंप थांबला तरी पुढे गेलेले पाणी धावतच राहते आणि मागे ओढ निर्माण होते. विहिरीजवळ दाब भरपूर असल्याने तिथे फारसे बिघडत नाही, परंतु तुमच्या टेकाडावर चालू स्थितीतही जेमतेम दीड किलो दाब असतो. तो एकदम तीस-चाळीस मीटरने उतरला की शून्याखाली जातो. आपल्या उंचीवर हवेचा दाब पाण्याच्या पावणेदहा मीटर स्तंभाएवढा असतो, त्याहून खाली पाणी ताणले जाऊ शकत नाही. म्हणून टेकाडावर पाण्याचा स्तंभ तुटतो, मध्ये वाफेची पोकळी तयार होते, आणि मग विहिरीकडील उतारावरचे पाणी मागे फिरते. पंपाजवळचा एनआरव्ही (पाणी मागे येऊ न देणारा व्हॉल्व्ह) जुना, झिजलेला किंवा जड झापेचा असेल, तर तो उशिरा मिटतो, मागे फिरलेले पाणी त्याच्यावर आदळते आणि "धाड्" असा आवाज येतो. याच सुमारास लाइट परत आली आणि ऑटो स्विचने मोटार लगेच उचलली, तर पुढे निघालेला स्तंभ आणि मागे येणारा स्तंभ समोरासमोर भिडतात. आपल्याकडे डीपीवर भार वाढला की फेज दोन मिनिटांत तीनदा जाते-येते, त्यामुळे ऑटो स्विच ही सोय खरोखर पाइपच्या मुळावर उठलेली असते. टॉर्च घेऊन रात्री विहिरीवर जाण्याचा त्रास मला ठाऊक आहे, म्हणून ऑटो काढून टाका असे म्हणत नाही, परंतु त्यात किमान तीन-चार मिनिटांचा टायमर घातल्याशिवाय तो वापरू नका.

इथवर वाचून कोणी म्हणेल की सहा अधिक चार म्हणजे दहा किलो झाले, पाइप फुटणारच. प्रामाणिकपणे सांगायचे तर एवढ्याने चांगला पाइप फुटत नाही. पाइपवर लिहिलेला दाब वर्षानुवर्षे सतत सोसण्यासाठीचा असतो. नव्या, निर्दोष पीव्हीसी पाइपची क्षणभर दाब सोसण्याची ताकद त्याच्या चार-पाच पट असते. म्हणून मी फुटलेले तुकडे मागवले होते, आणि ते टेबलावर ठेवून भिंगाने पाहिल्यावर तिन्हींची कहाणी वेगवेगळी निघाली.

पहिला तुकडा जोडाजवळचा आहे. फिटरने पाइपचे टोक जाळावर तापवून, दुसऱ्या पाइपवर चढवून सॉकेट फुगवले आहे. ही पद्धत आपल्याकडे सर्रास चालते. फुगवताना भिंत ताणली जाऊन पातळ होते. वर्नियरने मोजले तर मूळ जाडी २.६ मि.मी. आणि सॉकेटच्या वळणावर १.९ मि.मी. भरली. जाळ लागलेल्या बाजूला पिवळसर-तपकिरी डागही आहे, म्हणजे तिथला पीव्हीसी करपून ठिसूळ झालेला आहे. चीर तिथूनच निघाली. दुसऱ्या तुकड्यावर बाहेरून हरभऱ्याएवढा खळगा आहे आणि त्याच्या मधोमध आरशासारखा गुळगुळीत, अर्धचंद्राकृती ठिपका आहे. चारी बुजवताना पाइपला टेकून दगड पडला, प्रत्येक झटक्याला पाइप किंचित फुगून त्या दगडावर दाबला गेला आणि चीर थोडी थोडी पुढे सरकत राहिली, याची ती खूण आहे. याला पदार्थाचा थकवा म्हणतात. दिवसाला दहा झटके धरले तरी वर्षाला साडेतीन हजारांच्या वर होतात. तिसरा पाइप मात्र फुटलेला नाहीच, तो एल्बोमधून निसटलेला आहे. ६.१ किलो दाबाला ७५ मि.मी.च्या काटकोनी वळणावर सुमारे ३८० किलो वजनाएवढी रेटण्याची शक्ती येते आणि झटक्याच्या वेळी ती सहाशेच्या वर जाते. त्या एल्बोमागे काँक्रीटचा ठोकळा नाही, नुसती काळी माती आहे. बाहेर निघालेल्या टोकावर सोल्यूशन अर्ध्याच घेरावर लागलेले आणि सुरकुतलेले दिसते. भर दुपारी जोड केला की ब्रश फिरवून होईपर्यंत सोल्यूशन सुकते आणि पाइप चिकटल्यासारखा वाटतो, पण विरघळून एकजीव होत नाही. जोडकाम सकाळी करावे, टोक घासून पुसून घ्यावे, पाइप पूर्ण आत दाबत पाव फेरा फिरवावा आणि चोवीस तास दाब देऊ नये.

पाइपवरील छपाईत आयएसआय चिन्ह, मानक क्रमांक आणि वर्ग स्पष्ट आहे, जाडीही बरोबर आहे. त्यामुळे मालाला दोष देण्यास मला जागा दिसत नाही.

काळ्या मातीबद्दल वेगळे लिहिणे भाग आहे, कारण बाहेरच्या पुस्तकांत ही अडचण क्वचितच येते. आपली काळी जमीन बेसाल्टपासून झालेली, फुगणाऱ्या चिकणमातीची आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि तिच्यात पुरलेला पाइप दरवर्षी थोडा थोडा हलतो. त्यात पीव्हीसीचे प्रसरण अंशाला मीटरमागे सुमारे ०.०७ मि.मी. आहे. मे महिन्यात दुपारी ५० अंशांना तापलेले पाइप सरळ रेषेत जोडले आणि नंतर २७ अंशांचे पाणी सोडले, तर १८०० मीटरची लाइन आखडून जवळजवळ ३ मीटरने लहान होऊ पाहते. ते शक्य नसल्याने सगळा ताण जोडांवर येतो. यासाठी पाइप चारीत किंचित नागमोडी टाकावा, खाली आणि भोवती अर्धा फूट चाळलेला मुरूम किंवा वाळू घालावी, अडीच-तीन फूट खोल पुरावा आणि पाणी भरून थंड झाल्यावरच वरची माती लोटावी. रबर रिंगचा जोड असलेला पाइप मिळाला तर अशा जमिनीत तो सोल्यूशनच्या जोडापेक्षा केव्हाही बरा, कारण प्रत्येक जोडाला सरकायला थोडी जागा राहते.

काळ्या पाइपविषयी भावकीतल्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. एचडीपीई लवचिक असल्याने झटका कमी येतो, थकवा तो अधिक सोसतो आणि त्यातील काजळीमुळे उन्हातील अतिनील किरणांनी तो लवकर खराब होत नाही. परंतु त्याच दाबासाठी त्याची भिंत जाड लागते, त्यामुळे बाहेरचा व्यास तोच असला तरी आतली वाट लहान होते, आणि तुमचा मूळ आजार तर वाटेच्या अरुंदपणाचा आहे. जोडासाठी वेल्डिंगचे यंत्र आणि ते नीट चालवणारा माणूस लागतो. उन्हाने तापल्यावर त्याचीही ताकद घटते.

तुमच्या जागी मी असतो तर जुनी लाइन उपटून टाकली नसती. तिच्याच चारीलगत ९० मि.मी.ची सहा किलोची दुसरी लाइन टाकून दोन्ही टोकांना जोडली असती. दोन वाटा मिळाल्या की पाणी आपोआप विभागते. ४.६५ लिटरपैकी पावणेदोनच्या आसपास जुन्या पाइपमधून आणि उरलेले नव्यातून जाते, आणि घर्षण साडेसहा मीटरच्या आसपास राहते. स्वतंत्र ११० मि.मी. लाइनच्या जवळपास तोच लाभ ९० मि.मी.च्या किमतीत पदरात पडतो, शिवाय एक लाइन नादुरुस्त झाली तरी मोसंबीला दुसरीवर थोडेफार पाणी देता येते. वेग अर्ध्याहून खाली आल्याने झटकाही त्याच प्रमाणात उतरतो. मात्र एक सावधगिरी बाळगा. साडेसात एचपीचा जास्त हेडचा पंप कमी हेडच्या लाइनवर तसाच चालवला, तर तो हव्या त्याहून अधिक पाणी ओढतो, करंट वाढतो आणि वाइंडिंग जळते. नव्या लाइनवर ३५ ते ४० मीटर हेडला नीट बसणारा पंप लावा. जुन्या पाच एचपीच्या पंपाचा तक्ता दुकानातून मागवून तो त्या हेडला कसा चालतो ते आधी पाहा.

तोपर्यंत या आठवड्यात करता येण्याजोगी कामे थोड्या खर्चाची आहेत. विहिरीकाठचा उघडा भाग जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपचा करा किंवा झाकून टाका, एल्बोमागे काँक्रीटचा ठोकळा बसवा, एनआरव्ही बदलून लवकर मिटणारा स्प्रिंगचा घ्या, टेकाडाच्या माथ्यावर हवा आत-बाहेर दोन्ही करणारा एअर व्हॉल्व्ह लावा आणि स्टार्टरमध्ये टायमर घाला. विहिरीच्या काठावर दहा किलोपर्यंतचा एक प्रेशर गेजही बसवा. मोटार स्थिर चालू असताना काटा कुठे राहतो आणि बंद केल्यावर पाणी थांबून काटा स्थिरावला की तो कुठे येतो, हे दोन आकडे मला कळवा. पहिला सहाच्या आसपास आणि दुसरा सव्वादोनच्या आसपास आला, तर वरचा हिशोब बरोबर आहे असे समजा. पहिला त्याहून बराच जास्त आला, तर लाइनमध्ये कुठेतरी गाळ किंवा अर्धवट मिटलेला व्हॉल्व्ह आहे आणि नवी चारी खोदण्याआधी तो शोधावा लागेल.